पेन्सिलीची बरणी

केणी सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्यातल्या आमच्या ऑफिसात बसून एका जर्मन ओव्हनच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करत होते. नेमकं धोक्याच्या सूचनांचं पान समोर होतं. फोन सरांच्या बायकोचा, काकूंचा होता, आणि काकू आपणहून कधी फोन करत नाहीत, त्यामुळे मी हातातलं काम टाकून तो उचलला. "मेधा, सर गेलं गो," त्या म्हणाल्या. "चा पिला, खुर्चीन बसलं आनि मान टाकली. झायलं." पुढे त्या काय बोलल्या ते मला आठवत नाही. सत्तावीस वर्षं ज्या माणसाकडे मी शिकले, ज्याने मला भाषा दिली आणि पोटापाण्याचा उद्योगही दिला, तो माणूस गेल्याचं कळल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो त्याचा नव्हता. तो मिठाच्या एका पुडीचा होता. लिहायला लाज वाटते, पण हे आधी सांगितलं नाही तर पुढचं सगळंच खोटं होईल.

सरांची किडनी दोन वर्षांपासून कमजोर झाली होती. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केलं होतं. ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यातल्या रविवारी मी डोंबिवलीला त्यांच्याकडे गेले तेव्हा कमी सोडियमच्या मिठाची एक पुडी घेऊन गेले. प्रेशरवाल्यांसाठी असतं ते. आमच्या ह्यांना प्रेशर आहे म्हणून मी दोन पुड्या घेतल्या होत्या, एक घरी ठेवली, एक सरांना दिली. बुधवारी सरांना फोन केला तर म्हणाले, "छान आहे गं मीठ. आमटीला चव आली." मी खूश झाले. पुढच्या रविवारी चहापुरती जाऊन आले, तेव्हा मिठाचा विषय निघाला नाही. सोमवारी संध्याकाळी स्वयंपाक करताना माझी पुडी बरणीत ओतायला घेतली आणि सहज मागच्या बाजूला नजर गेली. अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं, यात पोटॅशियम आहे, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नये. गॅस बंद करून मी ती सूचना पुन्हा वाचली. सरांकडे शहाळं न्यायचं नाही, केळी न्यायची नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. का न्यायची नाहीत, ते मात्र मी कधी विचारलं नव्हतं. याच पोटॅशियममुळे. लगेच फोन करावासा वाटला. पण सर सातला जेवून आडवे होतात, काकूंना रिंग ऐकू येत नाही... सकाळी करू. सकाळी डबे, घाई, ऑफिसला पोचून करू. ऑफिसात पोचल्यावर साहेबांनी बोलावलं. मग अकरा वाजता काकूंचाच फोन आला.

दुसऱ्यांच्या धोक्याच्या सूचना भाषांतरित करून मी पगार घेते. आणि स्वतः विकत घेतलेल्या पुडीवरची सूचना मी आठ दिवस वाचली नाही.

डोंबिवलीत कोपरच्या बाजूला, जुन्या गावठाणात सरांचं घर आहे. आता चारी बाजूंनी सात-सात मजल्यांच्या इमारती झाल्यात, त्यामुळे ते घर शोधायचं तर कोणाच्या तरी पार्किंगमधून जावं लागतं. त्या दिवशी अंगणात माणसं जमली होती. आंबिवलीला दिलेली त्यांची मुलगी नंदा येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगत होती, "हार्ट बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, किडनी असली की होतं असं कधीकधी." तिचं बोलणं कानावर पडलं की मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला सरकायची. मी काकूंच्या गळ्यात पडले, रडले, पण रडतानाही माझे डोळे काकूंच्या खांद्यावरून स्वयंपाकघराच्या फळीकडे जात होते. पुडी दिसली नाही.

सर मूळचे मिठागरातले. त्यांचे वडील ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरात राबायचे, आई डोक्यावरून मीठ वाहायची. सर आगरी, त्यामुळे मीठ त्यांच्या घरात जेवणात यायच्या आधी कामात होतं. तांत्रिक शिक्षण घेऊन ते ठाण्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. तिथे जर्मन यंत्रं होती आणि ती बसवायला डीटर नावाचा एक जर्मन तंत्रज्ञ आला होता. कँटीनच्या डाळीचा पहिला घास घेऊन तो हात हलवत म्हणाला, "झाल्त्स, झाल्त्स!" टेबलावर कोणाला काही कळेना. सरांनी उठून मिठाची वाटी आणून ठेवली. तेव्हा त्यांना जर्मन येत नव्हतं, पण इंग्रजीतला सॉल्ट ठाऊक होता आणि कान तिखट होता. त्याच महिन्यात पास्कल नावाच्या त्यांच्या जोडीदाराने, तो किनाऱ्यावरच्या एका ख्रिस्ती शेतकरी घरातला, एक गोष्ट सांगितली. त्याच्या धाकट्या भावाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पाद्रीबाबांनी बाळाच्या जिभेवर मिठाची कणी ठेवली होती आणि लॅटिनमध्ये काहीतरी म्हणताना 'साल' असा शब्द उच्चारला होता. बाळाने तोंड असं वाकडं केलं की अख्खं देऊळ हसलं... सॉल्ट, झाल्त्स, साल. सर मला सांगायचे, "माझ्या बापाचं आयुष्य मिठात गेलं गं, आणि ह्या मिठाचं एवढं मोठं खानदान आहे हे आम्हांला कोणी सांगितलंच नाही!"

त्या दिवसापासून त्यांनी तो नाद धरला. कारखान्यातून सुटल्यावर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जर्मन शिकले, मग रशियन, आणि पुढे कारखान्यानेच त्यांना यंत्रांवरून उठवून भाषांतराच्या टेबलावर बसवलं. पण त्यांचं खरं काम घरी चालायचं. बसच्या तिकिटाएवढ्या चिठ्ठ्या कापायच्या आणि एका चिठ्ठीवर एका भाषेतला मिठाचा शब्द लिहायचा. त्या चिठ्ठ्या ठेवायला सरांच्या आईच्या दोन चिनी मातीच्या बरण्या होत्या. एकेकाळी त्यांत खडेमीठ आणि कैरीचं लोणचं असायचं. मोठी बरणी पेन्सिलीची, धाकटी पेनाची. नवा शब्द मिळाला की तो पेन्सिलीने लिहायचा आणि मोठ्या बरणीत टाकायचा. त्याला दुसरी साक्ष मिळाली, म्हणजे पहिली पुस्तकातली असेल तर दुसरी कोणा बोलणाऱ्याच्या तोंडची, किंवा उलट, की मग त्यावर पेन फिरवायचं आणि चिठ्ठी धाकट्या बरणीत जायची. पास्कलचा 'साल' लॅटिनच्या कोशात मिळाला तेव्हा पेनाचा झाला. काही चिठ्ठ्या वीस-वीस वर्षं पेन्सिलीच्या बरणीत पडून होत्या. सरांना त्याची अजिबात घाई नव्हती.

मी एकोणीस वर्षांची असताना त्यांच्याकडे जर्मन शिकायला गेले. कॉलेजातल्या एका मैत्रिणीने पत्ता दिला होता. पहिल्या दिवशी मी नवंकोरं पेन काढलं तर सर म्हणाले, "पेन ठेव. अजून तुला काय येतं?" आणि टेबलावरची पेन्सिल माझ्याकडे सरकवली. मला राग आला होता. महिनाभर मी पेन्सिलीनेच लिहिलं. मग एके दिवशी आपणहून त्यांनी माझं पेन माझ्या हातात दिलं, आणि घरी जाताना मला अंगणातली पायरीसुद्धा दिसेना, इतके डोळे भरून आले होते. माझे वडील मी आठवीत असतानाच गेले होते. सरांनी ती जागा कधी मागितली नाही, मी कधी दिली असं म्हटलं नाही, पण दर रविवारी मी कोपरला जातच राहिले. लग्न होऊन ठाण्याला गेले तरी गेले.

त्या चिठ्ठ्यांमधून सरांनी मला आख्खा युरोप दाखवला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश साल, इटालियन साले, फ्रेंच सेल, रशियन सोल, पोलिश सूल. डच माणूस झाउट म्हणतो. वेल्श माणूस तोंडातला 'स' सोडून 'ह' काढतो, म्हणून तिथे हालेन, आणि जुन्या ग्रीकांचंही तसंच, हाल्स. सॉस, सॅलड, सॉसेज ही सगळी याच घरातली, मीठ लावलेली म्हणून. लिथुआनियाचे लोक तेवढे वेगळे निघाले. त्यांनी हा शब्द टाकून दिला आणि मिठाला द्रुस्का म्हणायला लागले, म्हणजे नुसता कण, भुगा. सर म्हणायचे, "भांडून वेगळे राहायला गेलेत ते." एकदा मी मोठा शोध लावल्याच्या आवेशात गेले, की आयर्लंडमध्ये मिठाला सालन म्हणतात आणि हैदराबादेत रश्शाला सालन म्हणतात! सरांनी शांतपणे पेन्सिल उचलली. पुढे कोश चाळून त्यांनीच दाखवलं की हैदराबादचं सालन स-लवण ह्यातून आलं असावं आणि त्याचा आयर्लंडशी काही संबंध दिसत नाही. "दोघांचं नाक सारखं आहे म्हणून सख्खे भाऊ ठरवतेस काय?" असं म्हणून ते इतके हसले की काकू आतून बघायला आल्या. व्हॉट्सॅपवर दर दोन महिन्यांनी ती पोस्ट फिरते ना, रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा म्हणून सॅलरी... ती आली की निवृत्तांच्या ग्रुपवर सरांचं एकच उत्तर असायचं, "शब्दाचं नातं खरं. पगाराची पोती कोणी पाहिली?" त्यामुळे ग्रुपवर सर फारसे कोणाला आवडत नसत.

त्यांचा सगळ्यांत लाडका शोध मात्र आपल्याच मिठाचा होता. आपलं मीठ आलंय मिष्ट, मृष्ट या शब्दापासून, म्हणजे रुचकर, गोड. हिंदीवाल्यांनी त्याच शब्दाचं मीठा केलं आणि आपण मीठ केलं. आणि तिकडे रशियात गोडाला स्लात्की म्हणतात, त्याचं मूळ मिठाच्या घरातलं; लिथुआनियातही मीठ गेलं तरी गोडाचा साल्दुस शिल्लक राहिला. म्हणजे त्यांनी मिठातून गोड काढलं आणि आपण गोडातून मीठ. हे सांगताना सरांचा आवाज बारीक व्हायचा, कोणाच्या घरातली खासगी गोष्ट सांगावी तसा. काकूंना हे सगळं पाठ होतं. जर्मन माणूस खारट सूप खाऊन स्वयंपाक करणारीला विचारतो, प्रेमात पडलीस का, हेही सरांनी त्यांना सांगितलं होतं, आणि त्यावर काकूंचं उत्तर ठरलेलं असे, "मंग मी नाय पडली कवा. माजं मीट कवा चुकलं नाय." सर माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे.

म्हणून डॉक्टरांनी मीठ बंद केलं तेव्हा घरात सुतक आल्यासारखं झालं. काकू अळणी शिजवायला लागल्या. पण एक गोष्ट त्यांच्याने होईना. ताट वाढायचं तर आधी वरच्या बाजूला चिमूटभर मीठ ठेवायचं, शेजारी लिंबाची फोड, मग बाकीचं. मिठाची जागा रिकामी ठेवून ताट पुढ्यात द्यायचं हे त्यांना अभद्र वाटे. मग दोघांत तह झाला. मीठ वाढायचं, पण सरांनी त्याला हात लावायचा नाही. जेवण झालं की काकू ती चिमूट पाण्यात टाकून देत. सहा महिन्यांपूर्वी मी जेवायला होते. सर त्या चिमटीकडे बघत म्हणाले, "पन्नास वर्षं ह्याच्या मागे फिरलो मेधा. आता समोर बसतं आणि ओळख दाखवत नाही." हसतच म्हणाले. ते वाक्य मी डोक्यात घेऊन फिरत होते, म्हणूनच दुकानाच्या फळीवर ती पुडी दिसल्यावर मागची बाजू न वाचता मी ती उचलली. पुडी हातात देताना मी काय म्हटलं तेही मला आठवतं. "हे चालतं, सर. मी विचारलंय." विचारलं होतं ते दुकानदाराला.

पुढचे पाच आठवडे कसे गेले ते माझं मला माहीत. मी पोटॅशियमवर मिळेल ते वाचत सुटले. चमचाभर मिठात किती असतं, किडनी कमजोर असेल तर ते रक्तात कसं साचतं, हृदयाचं काय होतं. वाचून झालं की आठ-नऊ दिवसांचे चमचे मोजायची. आमचे हे म्हणाले, "अगं, त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर होतं. सरळ काकूंना विचार ना एकदा." विचारायचं म्हणजे काय? काकू, तुम्ही आमटीत कोणतं मीठ घालत होता? एकदा हे तोंडातून निघालं की पुढचंही सांगावं लागणार. मग त्या बाईला उरलेलं सगळं आयुष्य वाटत राहणार की आपण आपल्या हाताने... नाही, मला ते जमेना. माझ्या मनातलं ओझं त्यांच्या डोक्यावर द्यायचा मला हक्क नव्हता. आणि खरं सांगायचं तर, काकू माझ्याकडे कशा बघतील याची भीती त्याहून मोठी होती.

दिवसकार्य झालं. त्यानंतर मी दोनदा गेले. पहिल्या खेपेला पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात शिरले, फळ्या बघितल्या, गॅसखालचं कपाट उघडलं. पुडी कुठेच नव्हती. म्हणजे संपली, किंवा फोडून डब्यात ओतली आणि पिशवी टाकून दिली. दुसऱ्या खेपेला मी मिठाचा डबाच उघडला. त्या मिठाला किंचित कडसर चव असते, आमच्या घरच्या पुडीवरून मला ती ओळखता येत होती. बोटावर घेऊन जिभेला लावलं. कडू लागलं. पुन्हा घेतलं, खारट लागलं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा काही म्हणजे काही कळेना, आणि दारात काकू उभ्या होत्या.

"मीट कनाला चाटतंस गो?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही काकू, तोंडाला चव नाही."

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि ताप नाही म्हणून मला कांजी करून दिली. मी ती त्यांच्यासमोर बसून प्यायले. त्या प्रेमाने मला इतकं अपराधी वाटलं की पुढच्या रविवारी मी गेलेच नाही. सत्तावीस वर्षांत, बाळंतपणं सोडली तर, मी चुकवलेला तो पहिला रविवार.

तेव्हा काकूंचा दुसऱ्यांदा फोन आला. "येतंस का नाय? तुज्या सरांच्या बरन्या न्यायच्या हायत. त्याही सांगून ठेवलंय, चिठ्ठ्या मेधाच्या." गेले. दुपारची वेळ होती. सरांची खोली काकूंनी झाडून ठेवली होती, खुर्चीवर घडी केलेली चादर होती, टेबलावर पेन्सिल आणि पेन शेजारी शेजारी. बरण्या कपाटावर होत्या. धाकटी काकूंनी स्वतः काढून दिली. मोठी काढायला मी स्टुलावर चढले. उचलली तर हाताला भलतीच जड लागली.

"ही एवढी जड कशी हो?" मी विचारलं.

"त्यान मीट हाय न तुजं," काकू सहज म्हणाल्या.

स्टुलावरून खाली कशी उतरले, ठाऊक नाही. झाकण काढलं. चिठ्ठ्या बाजूला सारून मधोमध ती पुडी उभी केलेली होती. न फोडलेली. वरची शिवण जशीच्या तशी. रबरबँडने तिच्यावर एक चिठ्ठी लावलेली, सरांचं बारीक तिरकं अक्षर, पेन्सिलीने: 'कमी सोडियमचे मीठ. पहिली साक्ष: मेधा. दुसरी: डॉक्टर, पुढच्या आठवड्यात गुरुवारी विचारणे.' सर मंगळवारी गेले. तो गुरुवार आलाच नाही.

मी खाली फरशीवर बसले आणि मोठ्याने रडायला लागले. काकू घाबरल्या, माझ्याजवळ बसल्या, आणि मग मी सगळं सांगितलं. पुडीच्या मागची अक्षरं, तो न केलेला फोन, डब्यातलं मीठ तीनदा चाटणं. काकूंनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोरात. "येडी हायस काय गो तू? येवढं पाच हप्तं मनान ठेवलंस? मना एक शबुद विचारला अस्तास त मी सांगितला नस्ता?" आणि मग, "मी म्हनलं त्यांना, पोरीनं एवढं आनलंय त वापरा. त म्हनलं, डाक्टरला विचारल्याबिगर नाय. आनि मेधाचा फोन आयला त तिला काय बोलू नको, तिला वाईट वाटंल."

"पण मला तर म्हणाले, आमटीला चव आली..."

"मी बाजूलाच होती," काकू म्हणाल्या. "फोन ठेवला नि माज्याकडं बगून हसलं. आमटी अळनीच होती."

त्या दिवशी काकूंनी मला जेवायला बसवलं. ताट घेतलं, वरच्या बाजूला चिमूटभर मीठ वाढलं, लिंबाची फोड ठेवली, मग भात. मी जेवले. सुटले असं वाटायला हवं होतं, आणि काही अंशी वाटलंही. पण भातात आमटी कालवताना सारखं मनात येत होतं की यात माझं काहीच श्रेय नाही. मी एका दुकानदाराच्या शब्दावर 'मी विचारलंय' म्हणून सांगितलं, आणि नंतर पाच आठवडे काकूंना विचारलं नाही. सरांनी मला सत्तावीस वर्षं जे शिकवलं ते मी दोन्ही वेळा केलं नाही. ते त्यांनीच केलं. त्यांनी ती पुडी फोडली असती तर... हा विचार अजून मला भर दुपारी काम करताना गाठतो, आणि मी समोरचं धोक्याच्या सूचनांचं पान पुन्हा पहिल्यापासून वाचते.

बरण्या आता माझ्या टेबलावर आहेत. पुडी काकूंनी फेकायला सांगितली होती, पण मी ती मोठ्या बरणीत, होती तशीच ठेवली आहे, चिठ्ठीसकट. ती चिठ्ठी मी पेनाने गिरवलेली नाही. पुडीमागची सूचना आणि माझं पाच आठवड्यांचं वाचन ही दुसरी साक्ष म्हणता आली, तरी ती सरांनी विचारून घेतलेली नव्हती. बाकी पेन्सिलीच्या चिठ्ठ्या एकेक करून तपासायला घेतल्या आहेत. सलिल या शब्दाचं मिठाशी काही नातं आहे का, अशी एक आहे, तिला सरांनी तीन प्रश्नचिन्हं दिली आहेत. तिचं काम माझ्या हयातीत होईलसं वाटत नाही.

एक चिठ्ठी मात्र मी स्वतः लिहिली. बसच्या तिकिटाएवढा कागद कापला, तारखेच्या जागी 'बुधवार' लिहिलं आणि खाली सर फोनवर जे बोलले ते जसंच्या तसं: 'छान आहे गं मीठ. आमटीला चव आली.' या वाक्याला साक्ष नाही. एक साक्षीदार आहे, काकू; त्या बाजूलाच होत्या आणि सांगतात की आमटी अळणी होती. सरांनी, माझ्या माहितीत, पुराव्याशिवाय केलेलं हे एकच विधान. मी पेन्सिल उचलली होती. मग ती खाली ठेवली, पेनाने लिहिलं, आणि चिठ्ठी धाकट्या बरणीत टाकली.